थांबल्याचा दाखला

इन्शिराहनं ते पत्रक लिहिलं तेव्हा ती चिडलेली नव्हती. असलं काही लिहिणारा माणूस आतून पेटलेला असतो अशी लोकांची समजूत असते. तिला नुसता कंटाळा आला होता. गुरुवार होता, सकाळपासून चाळीसेक माणसं रांगेत उभी होती, आणि चकचकीत बुटांचा एक ठेकेदार त्या सगळ्यांना ओलांडून सरळ मुदीरसाहेबांच्या, म्हणजे कचेरीच्या प्रमुखांच्या, खोलीत गेला आणि पाच मिनिटांत काम उरकून रुमालानं मान पुसत बाहेर पडला. रांगेतल्या कुणी ब्र काढला नाही. एक म्हातारी तेवढी शेजारणीला म्हणाली, "असेल गं बाई त्याला घाई."

त्या वाक्यानं इन्शिराहचा दिवस संपला. ती घरी आली, बूट काढले आणि पलंगाच्या कडेला बसून मोबाईलवर लिहायला लागली.

बिरकेत तूत हे डेल्टातलं गाव, कालव्याच्या काठाला चिकटून वाढलेलं. तिथल्या निवृत्तिवेतनाच्या कचेरीत ती अठरा वर्षं खिडकी क्रमांक चारवर बसत होती. नवरा सरवत भूगोल शिकवायचा. रात्री जेवताना ती त्याला कचेरीतल्या गमती सांगायची; कोण आलं, कुणाला कुठला कागद आणायला परत धाडलं, कुणाच्या जन्मतारखेत महिना तेरावा निघाला. तो इतका हसायचा की मुलूखियाच्या पातळ भाजीचा चमचा ताटाच्या वर तसाच राहायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. कचेरीतल्या गमती काही थांबल्या नाहीत, त्या रोज घडत राहिल्या, पण सांगायला माणूस उरलं नाही, आणि न सांगितलेल्या गमती तिच्या पोटात आंबायला लागल्या. मग एक दिवस तिनं त्यातली एक लिहून काढली आणि 'बिरकेत तूत आज' या फेसबुकवरच्या पानाकडे धाडून दिली.

ते पान महरूस न्हावी चालवायचा. त्यावर हरवलेल्या शेळ्या, मयताच्या बातम्या आणि वीज जाण्याच्या वेळा असायच्या. महरूसनं तिचं लिखाण छापलं, त्याला ते आवडलं, आणि आणखी मागितलं. ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. ती 'खिडकी क्रमांक सात' अशी सही करायची. कचेरीत खिडक्या सहाच होत्या.

तिच्या लिहिण्यात शिवी नसायची, कुणाचं नाव नसायचं. ती सरकारी भाषेत लिहायची, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. अठरा वर्षं तिनं तीच भाषा टंकली होती. तिला वेगळं काही करावं लागत नसे. त्या गुरुवारी तिनं लिहिलं ते असं:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काही नागरिक रांगेत न थांबता आपली कामे करून घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. थांबलेल्या नागरिकांवरील हा अन्याय दूर करण्यासाठी येत्या रविवारपासून प्रत्येक अर्जासोबत थांबल्याचा दाखला जोडणे बंधनकारक राहील. दाखल्यावर रांगेत अर्जदाराच्या पुढे व मागे उभ्या असलेल्या प्रत्येकी एका व्यक्तीची सही असावी. रांगेत पहिला असलेल्या अर्जदाराने पुढे उभे राहण्यासाठी एक व्यक्ती सोबत आणावी. नागरिकांच्या सहनशीलतेबद्दल कचेरी त्यांची ऋणी आहे. तथापि ती वाढविण्यास अद्याप वाव आहे."

शुक्रवारी दुपारपर्यंत हजारभर लोकांनी ते वाचलं. ज्यांना हसायचं ते हसले. इन्शिराहनं प्रतिक्रिया वाचल्या, तिला बरं वाटलं, आणि तिनं कपडे भिजत घातले.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी तिला हाक मारली. हाजा नेमात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, दोन्ही गुडघ्यांनी बेजार, आणि सरवत गेल्यापासून इन्शिराहच्याच घरी राहत होत्या.

"पोरी, मला पुढच्या महिन्यात कार्ड बदलायला तुमच्या कचेरीत यायचंय ना?"

"हो आई. मी घेऊन जाईन."

"मग माझ्या पुढे कोण उभं राहणार? खालच्या मजल्यावरची उम्म हिशाम सांगत होती, आता सह्या लागतात म्हणे. पुढच्याची आणि मागच्याची."

इन्शिराहच्या हातात भाजीची जुडी होती. ती तिनं परत टोपलीत ठेवली. "आई, ती थट्टा आहे. खरं नाही ते."

"थट्टा? कुणी केली?"

"केली असेल कुणीतरी."

"त्या कुणीतरीचे गुडघे धड असणार," सासूबाई म्हणाल्या आणि जपमाळ पुन्हा हातात घेतली. "उम्म हिशामनं तर तिच्या जावेला सांगूनही ठेवलंय, माझ्या मागे उभी राहा म्हणून."

इन्शिराहला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिनं स्वतःची समजूत काढली, की उम्म हिशाम काय, टीव्हीवरच्या मालिकेतलं लग्न लागलं तरी आनंदाचे चित्कार काढते. बाकी गावाला थट्टा कळते.

रविवारी सकाळी ती कचेरीच्या फाटकाशी पोचली तेव्हा रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात छापील कागद होता. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं शनिवारीच तो तयार करून ठेवला होता. वर मधोमध 'थांबल्याचा दाखला', खाली अर्जदाराचं नाव, पुढील व्यक्तीची सही, मागील व्यक्तीची सही, आणि थांबण्यास सुरुवात केल्याची वेळ. ही वेळेची ओळ त्यानं पदरची घातली होती. लोक एकमेकांच्या पाठीवर कागद टेकवून सह्या करत होते. एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "अहो, नीट नाव लिहा, नाहीतर मला परत पाठवतील." दुसरा म्हणाला, "माझ्या मागे कुणीच नाही अजून, मी काय भिंतीची सही घेऊ?"

खिडकी क्रमांक तीनवर मादाम नगात बसायची. सगळे नवे अर्ज तिच्याकडे यायचे आणि आवकीचं रजिस्टरही तिच्याच ताब्यात. पहिला दाखला तिच्या हातात पडला तशी तिनं तो दोन वेळा वाचला, तामियाची वडी भरलेला अर्धा पाव कागदात गुंडाळून ठेवला आणि मुदीरसाहेबांच्या खोलीत गेली. दहा मिनिटांनी ती परत आली आणि खिडकीतून ओरडली, "ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांनीच पुढे या! बाकीच्यांनी आधी सह्या घ्या!"

"नगात," इन्शिराह हळूच म्हणाली, "अगं, ते महरूसच्या पानावरचं आहे. विनोद आहे तो."

"मुदीरसाहेबांनी स्वीकारा म्हणून सही दिलीय. आता कसला विनोद?"

साहेबांनी सही का दिली हे इन्शिराहला पुढे कळलं, पण अंदाज तिला तेव्हाच आला. मुदीरसाहेबांच्या, उस्ताज ज़कारियांच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गेल्या महिन्यात शिक्क्यांबद्दलचं एक खरं पत्रक त्यांच्या नजरेतून सुटलं होतं आणि वरच्या साहेबांनी भर बैठकीत त्यांची हजेरी घेतली होती. त्यामुळे आता 'हे पत्रक कधी आलं?' असं विचारायची त्यांची छाती नव्हती. विचारलं तर वाचलं नाही असा अर्थ निघाला असता.

त्या दिवशी रांगेत पहिला उभा होता हाज बयूमी.

पासष्टीचा माणूस, धुऊन धुऊन पांढुरकी झालेली निळी पायघोळ गलाबिया, खांद्यावर शाल. तो पलीकडच्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून यायचा. पहाटेचा फज्रचा नमाज पढून निघायचा आणि सहाच्या आत फाटकाशी उभा राहायचा. त्याची बायको सरकारी शाळेत सफाईचं काम करायची. ती वारली, आणि तिचं निवृत्तिवेतन आता थोरल्या मुलीच्या नावावर व्हायला हवं होतं. मुलगी चाळिशीची, जन्मापासून बहिरी-मुकी, आणि बापाखेरीज कुणाच्या हातचं खायची नाही. दुपारच्या आत त्याला घर गाठावंच लागे. म्हणून तर पहिला नंबर.

नगातनं त्याचा दाखला वर धरला. "पुढच्या व्यक्तीची सही कुठाय, हाज?"

"माझ्या पुढे कुणी नव्हतं, मादाम. मी पहिला."

"मग माणूस सोबत आणायचा. लिहिलंय तसं."

"आणि तो माणूस माझ्या पुढे उभा राहिला, तर पहिला तोच होणार. मग त्याच्या पुढे कोण?"

रांगेत कुणीतरी हसलं. नगातही जरा घोटाळली. मग तिनं मान हलवली. "ते मला नका विचारू. मी लिहिलंय का ते?"

इन्शिराहनं चौथ्या खिडकीतून हात पुढे केला. ती म्हणाली, "हाज, इकडे द्या कागद, मी बघते." पण आवक क्रमांक नगातच्या रजिस्टरमधूनच पडायचा आणि नगातनं रजिस्टरवर कोपर टेकून ठेवलं होतं. "तुझ्या खिडकीचं काम नाही हे, इन्शिराह. उद्या माझ्या गळ्याशी यायचं."

हाज बयूमीनं कागद घडी करून खिशात ठेवला. रागावला नाही. "उद्या येतो," म्हणाला, जणू उद्या यायचं हेही त्याच कामाचा भाग होतं.

दुपारी इन्शिराह मुदीरसाहेबांच्या खोलीत गेली. ते टेबलाच्या खणातून बिनसाखरेचं बिस्किट काढत होते.

"साहेब, ते दाखल्याचं पत्रक वरून आलेलं नाही. मोबाईलवरची थट्टा आहे."

"वरून आलेलं नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"भाषेवरून."

उस्ताज ज़कारियांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भाषा अगदी बरोबर आहे, मादाम इन्शिराह. कुठे बोट ठेवायला जागा नाही. इतकी बरोबर भाषा बाहेरच्या माणसाला येत नाही. ही थट्टा असेल, तर आपल्याच कचेरीतलं कुणीतरी ती करतंय. तसं असलं तर मला चौकशी लावावी लागेल. लावू?"

पंखा फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकाच जागी थरथरत होता.

"नको," ती म्हणाली.

"मग बिस्किट घ्या."

ती बिस्किट घेऊन परत आली आणि ते तिच्या खणात तसंच पडून राहिलं.

त्या संध्याकाळी तिनं सरळ साध्या भाषेत दोन ओळी लिहिल्या: "थांबल्याचा दाखला ही थट्टा होती. असा कुठलाही दाखला लागत नाही. कृपया सह्या गोळा करू नयेत. — खिडकी क्रमांक सात." महरूसनं त्या लगेच टाकल्या.

लोक हसून हसून लोळले. "आजवरचं सगळ्यात भारी!" कुणी लिहिलं. "थट्टा होती म्हणे! मग आज माझ्या दाखल्यावर शिक्का मारला तो काय जिन्नानं?" दुसऱ्यानं लिहिलं, "ही थट्टा होती हे सांगणाऱ्या पत्रकावर पुढच्या-मागच्याची सही कुठाय?" महरूसनं खुशीत येऊन ते सगळ्यात वर अडकवून ठेवलं.

इन्शिराहनं मोबाईल उशीखाली सारला. अठरा वर्षांत तिनं हजारो माणसांना 'उद्या या' म्हटलं होतं. वरून आलेलं खाली सांगायचं, तिचा त्यात काही हात नसायचा. यात होता. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे तो चकचकीत बुटांचा ठेकेदार होता. त्याला या दाखल्यानं काडीचाही फरक पडला नव्हता. तो रविवारीही आला होता, आणि तसाच आत गेला होता.

सोमवारी हाज बयूमी पुन्हा पहाटे आला. या वेळी त्यानं युक्ती केली. मागच्या माणसाला म्हणाला, तू पुढे हो, मी दुसरा राहतो. तो माणूस खूश होऊन पुढे झाला. खिडकी उघडताच त्यानं आपलं काम उरकलं, कारण त्याच्याकडे घरून आणलेला एक भाचा होता पुढे उभा राहायला, आणि हाज बयूमीच्या कागदावर सही करायचं विसरून तो टुकटुक पकडून निघून गेला. हाजनं रस्त्यापर्यंत पळत जाऊन हाका मारल्या. परत आला तेव्हा त्याची रांगेतली जागा गेली होती. तो बारापर्यंत थांबला. मग मुलीच्या जेवणाची वेळ झाली म्हणून निघून गेला.

मंगळवारी इन्शिराहनं त्याला फाटकाबाहेर गाठलं. दहाची वेळ. सही होती, पण नगातला ती वाचता येत नव्हती. 'हे नाव आहे की किडा?' असं तिनं विचारलं होतं. तो कालव्याच्या कठड्यावर बसून घाम टिपत होता. इन्शिराहनं दोन पेले चहा आणला होता. एक त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली. ती अशी कुणा अर्जदाराशेजारी बसल्याचं त्या कचेरीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"हाज, ते पत्रक मी लिहिलं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. "कुठलं?"

"दाखल्याचं. ते कचेरीचं नाही. माझं आहे. मी घरी बसून लिहिलं."

कालव्यात एक बाई चटई धूत होती, तिच्या थापटण्याचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, "कशाला?"

"लोकांनी हसावं म्हणून."

"मग हसले?"

"हसले. खूप हसले."

"म्हणजे चांगलं लिहिलं असणार," हाज बयूमी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच तिला खाली बघावं लागलं. "मला वाचता येत नाही फारसं. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. ती पण हसली. मी म्हटलं, हसतेस काय, वेळेवर समजलं हे बरं झालं."

"मी परवा लिहिलं की ती थट्टा होती. कुणी मानलं नाही. साहेबांना सांगितलं, तेही..." तिनं वाक्य सोडून दिलं. "माझ्यामुळे तुमचे तीन दिवस गेले. मला माफ करा."

"माझी बायको गेल्याला सात महिने झाले," तो म्हणाला. "त्यातले तीन दिवस तुमचे. बाकीचे कुणाचे ते कुणी येऊन सांगितलं नाही मला." त्यानं चहा संपवला, पेला कठड्यावर ठेवला. "आता एक करा. अजून एक ओळ लिहा. रांगेतल्या पहिल्या माणसाला दाखला माफ."

"असं नसतं हो हाज. मी कोण लिहिणारी?"

"का नसतं? पहिलं असंच झालं ना?"

तिनं रुमालानं हात पुसले, मोबाईल काढला आणि तिथेच कठड्यावर बसून लिहायला सुरुवात केली. हाज बयूमी तिच्याकडे बघत होता, जसा एखादा भिंत रचणाऱ्या गवंड्याकडे बघतो.

"थांबल्याच्या दाखल्याबाबत शुद्धिपत्रक. पुढील नागरिकांना दाखला जोडण्यापासून सूट देण्यात येत आहे. एक: रांगेत प्रथम असलेला अर्जदार. दोन: साठ वर्षांवरील नागरिक. तीन: ज्यांच्या घरी आजारी अथवा परावलंबी व्यक्ती आहे असे नागरिक. चार: ज्यांच्या सहीदाराची सही वाचता येत नाही असे नागरिक."

पाचवं कलम तिला आपोआप सुचलं: "ज्यांना थांबून थांबून आपण कशासाठी थांबलो याचा विसर पडला आहे असे नागरिक." फार सुरेख ओळ होती. सरवतला ती नक्की आवडली असती. त्या ओळीवर सगळं गाव लोळलं असतं, आणि शुद्धिपत्रक पुन्हा थट्टा झालं असतं. तिनं ती खोडली. तिच्या जागी लिहिलं: "पाच: ज्या नागरिकांनी यापूर्वी या कचेरीत एकदा तरी अर्ज केला आहे." मग सगळं पुन्हा वाचलं. कुठेही हसायला जागा नव्हती. खाली तिनं 'खिडकी क्रमांक सात' ही सहीसुद्धा घातली नाही. महरूसला नुसतं लिहिलं, हे जसंच्या तसं टाका.

महरूसनं टाकलं. तीन जणांनी पसंती दिली. एकानं लिहिलं, "आज काय झालं तुम्हाला लोकांना? बातमी टाकलीत की काय?"

झेरॉक्सवाल्यानं मात्र ते तासाभरात छापलं आणि काचेवर चिकटवलं. बुधवारी सकाळी नगातनं काचेवरच ते वाचलं, तडक साहेबांकडे गेली, आणि बाहेर येऊन इन्शिराहला म्हणाली, "तुला बोलावलंय आत."

इन्शिराह आत गेली तेव्हा शुद्धिपत्रक टेबलावर होतं. उस्ताज ज़कारियांनी त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, पण दार मात्र लावून घ्यायला सांगितलं.

"हे जो कोणी लिहितो," ते म्हणाले, "त्याच्याकडून एक राहिलंय. विधवा आणि घटस्फोटित स्त्रिया. नेहमी तिसऱ्या कलमाच्या आधी घालतात."

इन्शिराहनं वाकून पेन्सिलीचा मजकूर वाचला.

"मी पेन्सिलीनं घातलंय. शाईनं तुम्ही घाला, तुमचं अक्षर चांगलं आहे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आणि त्या पहिल्या पत्रकात शेवटी एक वाक्य होतं, नागरिकांच्या सहनशीलतेबद्दल. वाढवायला अजून वाव आहे असं काहीसं."

"हो साहेब."

"मला ते आवडलं होतं. जेवताना बायकोला वाचून दाखवलं." त्यांनी चष्मा पुसला. "त्याला सांगा, तसलं वाक्य आता दोन वर्षं नको. मी गेल्यावर लिहू दे काय लिहायचं ते."

तिनं शाईनं विधवांचं कलम लिहिलं. त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला, आणि बिरकेत तूतच्या कचेरीत ते शुद्धिपत्रक रीतसर लागू झालं. बाहेर येताना तिला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. ती खिडकी चारवर जाऊन बसली आणि पुढचा कागद ओढला.

हाज बयूमीचा अर्ज त्याच दिवशी आवकीत पडला. नगातनं क्रमांक घातला आणि वर म्हणाली, "बघा, आधीच सांगायचं नाही का तुम्ही पहिले होतात म्हणून!" हाजनं तिलाही दुवा दिली. कागद तिथून दुसऱ्या टेबलावर गेला, तिथून वरच्या मजल्यावर, आणि मंजूर व्हायला पुढे दीड महिना गेला. ते कुणाच्या विनोदामुळे नव्हतं. तेवढा वेळ लागतोच.

मंजुरीचा कागद घ्यायला तो आला तेव्हा मुलीला घेऊन आला. इन्शिराहनं तिला पहिल्यांदा पाहिलं. उंच, रुंद चेहऱ्याची, डोक्याला फुलांचा रुमाल, बापाची बाही घट्ट धरलेली. तिनं रांगेकडे बघितलं, मग बोटांनी हवेत काहीतरी काढून बापाला विचारलं.

"काय म्हणतेय?" इन्शिराहनं विचारलं.

"विचारतेय, एवढी माणसं मयताला आलीत का." हाज बयूमीला हसू आलं. त्या दीड-दोन महिन्यांत इन्शिराहनं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, पुढचे दोन दात नव्हते त्याला. तो मुलीला खुणांनी काहीतरी सांगायला लागला. सांगणं लांबत गेलं, त्यात इन्शिराहकडे बोट झालं, लिहिल्याची खूण झाली. मुलगी इन्शिराहकडे बघत राहिली आणि मग तिनंही तोंडावर हात धरून खांदे हलवले.

"सांगितलं तिला सगळं," हाज म्हणाला. "तिला आवडलं. फार वेळानं कळलं, पण आवडलं."

इन्शिराहनं त्यानंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही. महरूसनं दोन-तीनदा विचारणा केली. सातव्या खिडकीचं काय झालं, लोक विचारतायत. तिनं उत्तर दिलं नाही. थंडी सरल्यावर तिनं डासांच्या फवारणीबद्दल काहीतरी लिहिलं, पण पाठवण्याआधी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. हाजा नेमात शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे खरं मानून कुणी औषध पिणार नाही ना?" मग इन्शिराहनं तेवढं वाक्य बदललं.

सासूबाईंचं कार्ड बदलून झालं. त्यांना दाखला लागला नाही. आता तो कुणालाच लागत नव्हता, कारण बिरकेत तूतमध्ये एकदाही अर्ज न केलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी झेरॉक्सवाल्याकडे ते कागद अजून होते आणि लोक ते घेत होते. एका सकाळी खेड्यातून आलेल्या एका बाईनं नगातकडून क्रमांक पडलेला अर्ज खिडकी चारवर सरकवला. खाली दोन सह्यांचा दाखला टाचणीनं नीट लावलेला होता.

"बाई, हा आता लागत नाही," इन्शिराह म्हणाली. "बंद झालाय."

"असू दे मादाम," बाई म्हणाली. "लागलाच तर असावा. दोघींनी एवढ्या मनापासून सह्या केल्यात."

इन्शिराहनं दाखला अर्जासकट घेतला, दोन्हींना भोकं पाडली आणि फाईलीला लावले.